जुन्या व नव्या वाइनची पारख

द्राक्षबागाईतदारांच्या बैठकींत अलीकडे वाइनच्या बाटल्या उघडल्या जाऊं लागल्या आहेत. बाटली दहा वर्षांची आहे असें कोणी सांगितलें कीं ती तोंडास लावण्यापूर्वींच तिची वाहवा सुरू होते. आम्हीं अशा दोन-तीन बैठकी पाहिल्या. प्रत्येक ठिकाणीं वाइन जिभेनें कमी व कानानें अधिक चाखली गेली. ज्यानें आपल्या शेतांत वाइनचीं द्राक्षें लावलीं आहेत त्यास ही संवय महाग पडणारी आहे. वेल एकदां लावला म्हणजे पंधरा-वीस वर्षें जमीन अडवून बसतो, आणि त्याची वाइन ताजी खपण्याजोगी कीं मुरवून खपण्याजोगी, हें ओळखतां आल्याखेरीज जात निवडणें म्हणजे अंधारांत पेरणी करणें होय. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांसहि केवळ रंग व वास पाहून यांतील पुष्कळ शिकतां येईल.

जुनेपणा हा स्वतः गुण नव्हे, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. आंबेमोहोर वर्षभर ठेवला तर त्याचा भात मोकळा होतो. बाजरीचें पीठ तितके दिवस ठेवून कोणी भाकरी करीत नाहीं, तें थोड्याच दिवसांत कडू होतें. लोणचें मुरतें, कोशिंबीर विटते. वाइनचेंहि तसेंच आहे. जगांत होणाऱ्या वाइनपैकीं बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत संपविण्यासाठींच केलेली असते, व ती ठेवून दिली तर शिळी मात्र होते. फ्रान्समधील 'बोजोले नुव्हो' ही तांबडी वाइन गामे जातीच्या द्राक्षांची. त्याच हंगामांत तोडलेल्या द्राक्षांपासून केलेली ही वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीं विक्रीस येते, आणि थोड्याच महिन्यांत पिऊन टाकावयाची असते. ती दहा वर्षें जपून ठेवणारा मनुष्य रसिक नव्हे, कोशिंबीर मुरत घालणारा होय.

मुरणें म्हणजे काय तें आतां पाहूं. तांबड्या वाइनकरितां द्राक्षें चेंगरून रस साली व बियांसकट आंबवितात. सालींतून रंग उतरतो, आणि साली व बिया यांतून टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य उतरतें. सुपारी किंवा हिरडा चावला असतां तोंड आकसतें, तशीच क्रिया नव्या तांबड्या वाइननें होते. बाटलींत वर्षें लोटतां लोटतां हें टॅनिन आपसांत व रंगद्रव्याशीं जुळत जातें, त्याचे कण जड होतात आणि कांहीं भाग गाळरूपानें तळाशीं बसतो. म्हणून जुनी वाइन तोंडांत मऊ लागते, व तिचा जांभळा रंग पालटून विटकरी होतो. ताज्या जांभळा-करवंदांचा वास जाऊन त्या जागीं मनुका, चामडें, तंबाखू, भिजलेली माती असे वास येतात. आंबटपणा मात्र फारसा घटत नाहीं. यावरून ध्यानांत येईल कीं, टॅनिन, आंबटपणा व फळाचा जोर हीं तिन्ही मुळांत भरपूर असतील तरच वाइन मुरते. फळाचा जोर कमी असेल तर टॅनिन खालीं बसेपर्यंत फळ निघून जातें व हातीं आंबट पाणी राहतें. पांढऱ्या वाइनचा रस आधींच पिळून सालींपासून वेगळा करतात; म्हणून तींत तुरटपणा थोडा, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या जातीहि थोड्या. त्यांत जर्मनीची रीझलिंग व बोर्दोकडील गोड सोतेर्न या प्रसिद्ध आहेत.

जुन्या-नव्याच्या वादाचा गाजलेला निवाडा पॅरिस येथें झाला. तेथें वाइनचें दुकान चालविणारे स्टीव्हन स्पुरियर नांवाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनीं २४ मे १९७६ रोजीं फ्रान्समधील नऊ नामांकित पारखी बसविले, आणि फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन नांवें झांकून त्यांच्यापुढें ठेवल्या. प्रत्येक वाइनला २० पैकीं गुण द्यावयाचे होते. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना १९७३ पहिली आली. तांबड्यांत तेथीलच स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स १९७३ पहिली, व बोर्दोची सुप्रसिद्ध शातो मूतों रॉथशिल्ड १९७० दुसरी. दोहोंत अंतर अगदीं थोडें. फ्रेंचांच्या बाजूनें बचाव असा होता कीं, बोर्दोची वाइन मुरण्यासाठीं केलेली असते, पांच-सहा वर्षांच्या बाटलीवरून तिचा न्याय करणें रास्त नव्हे. कांहीं वर्षें थांबा, मग कॅलिफोर्नियाच्या वाइनमध्यें दम उरणार नाहीं. हा बचाव आम्हांस पोकळ वाटत नाहीं. त्याची परीक्षा घेतल्याशिवाय तो खोडतां येत नव्हता, आणि ती घेतली गेली. १९८६ सालीं न्यूयॉर्क येथें त्याच तांबड्या वाइन पुन्हां चाखल्या. पहिली क्लो द्यु व्हाल १९७२, दुसरी रिज मोंते बेलो १९७१, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. पांढऱ्यांचा काळ उलटला असें समजून त्या घेतल्याच नाहींत. पुढें २४ मे २००६ रोजीं लंडन व कॅलिफोर्नियांतील नापा या दोन्ही ठिकाणीं तिसरी बैठक झाली. त्या वेळीं पहिले पांचहि क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले, व रिज मोंते बेलो सर्वांवर ठरली. १९७६ मध्यें हीच वाइन पांचवी होती.

महसूल खात्यांत पिकाची पैसेवारी नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशी तीनदां ठरते, आणि पहिलीवर कोणी शहाणा सारा हिशेब बांधीत नाहीं. वाइनच्या एका बैठकीस आम्हीं नजरअंदाजापलीकडे किंमत देत नाहीं.

आपल्याकडे बैठक भरवावयाची तर एकाच कारखान्याची, एकाच जातीची, पण वेगवेगळ्या हंगामांची वाइन घ्यावी. चार बाटल्या पुरेत. बाटल्यांस वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक टाकावे, आणि ज्यानें गुंडाळल्या त्यानें वाढण्याच्या वेळीं दूर बसावें, कारण त्याचा चेहरा बोलतो. जुनी बाटली आदले दिवशीं उभी करून ठेवावी म्हणजे गाळ तळाशीं बसेल. ओततांना मानेमागें उजेड धरून गाळ दिसतांच थांबावें. फार जुनी वाइन उघडल्यावर लौकर उतरते, यासाठीं ती आयत्या वेळीं उघडावी. नवी तुरट वाइन मात्र तासभर रुंद भांड्यांत ठेवल्यास निवळते. क्रम साधारणतः नवीकडून जुनीकडे. पण नवी फार तुरट असेल तर आमच्या मतें जुनी आधीं घ्यावी, नाहींतर आकसलेल्या जिभेस तिची नाजूक चव कळत नाहीं. तांबडी १६ ते १८ अंश सेल्सिअसवर असावी. वैशाखांतल्या खोलीच्या उष्णतेनें तिचा वास नाकास झोंबतो. उदबत्ती, अत्तर, पान-तंबाखू व तिखट चिवडा दूर ठेवावा. पेला तिसरा हिस्सा भरावा, पांढऱ्या कागदापुढें धरून कडेचा रंग पाहावा, मग वास, मग घोट. घोट तोंडांत फिरवून तस्तांत टाकावा. प्रत्येकानें आधीं लिहावें, मग बोलावें.

दोष व वय यांची गल्लत फार होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष. शिरक्याचा वास म्हणजे वाइन नासली. तपकिरी रंग व कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे तिला हवा लागली. अशा बाटलीस 'जुनी चव' म्हणून मान डोलावणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. वाइन १२ ते १५ अंशांच्या स्थिर गारव्यांत मुरते. दोन उन्हाळे पत्र्याखालच्या कपाटांत काढलेली बाटली म्हातारी होते, मुरत नाहीं.

बागाईतदारानें या बैठकीस आपली शेताची वही आणावी. नाशिककडे वाइनचीं द्राक्षें साधारणतः जानेवारी ते मार्चपर्यंत तोडतात, म्हणजे पिकतांना ऊन वाढतें. साखर चढते व आंबटपणा झपाट्यानें उतरतो. शिवाय द्राक्षें वजनावर विकलीं जातात, म्हणून वेलावर जास्त घड राखण्याचा मोह होतो, आणि भार वाढला कीं रस पातळ होतो. कोणत्या हंगामांत छाटणी केव्हां केली, एकरीं किती माल काढला, तोडणीच्या दिवशीं साखर व आंबटपणा किती होता, हें त्या त्या वर्षाच्या बाटलीशेजारीं मांडून पाहावें. टिकलेली बाटली कोणत्या भाराची व फिकी पडलेली कोणत्या, हें त्यावरून दिसूं लागतें.

ज्यांस साधेल त्यांनीं एकाच हंगामाच्या सहा बाटल्या घेऊन दर वर्षीं एक उघडावी व टांचण ठेवावें. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या म्हणजे बूच ओलें राहतें. मळसूत्री झांकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात.