आरोग्यशिक्षणातील विद्यार्थी आणि मादक द्रव्य चाचणी

सोलापूर शहरात १९६३ साली डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. या महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात सोलापूर जिल्ह्याबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी या भागांतूनही रुग्ण येतात. अशा रुग्णालयात रुग्णाची नाडी पाहणारा, रक्ताचा नमुना घेणारा किंवा रात्रपाळीत सलाईनची बाटली बदलणारा हात पुष्कळदा विद्यार्थ्याचा असतो. वैद्यक आणि परिचर्या यांचे शिक्षण रुग्णशय्येजवळच होते, त्याला दुसरा मार्ग नाही. म्हणूनच हा शिकाऊ हात स्थिर आहे की नाही, हा प्रश्न केवळ महाविद्यालयाच्या शिस्तीचा राहत नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा होतो.

अमेरिकेसारख्या देशांत परिचर्या व तत्सम अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष कामासाठी पाठविण्यापूर्वी मादक द्रव्यांची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र घेतले जाते. मादक द्रव्यांची चाचणी हा त्याचा सर्वसाधारण भाग नाही. ती असावी काय, आणि असल्यास कोणत्या मर्यादेत, याचा विचार अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांनी शांतपणे करण्याची वेळ आली आहे.

प्रश्न दारापर्यंत आला आहे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने सोलापूरनजीकच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या मादक द्रव्याचा साठा जप्त केला. ज्या जिल्ह्याची ओळख चादरी, ज्वारी आणि पंढरीची वारी यांमुळे आहे, त्या जिल्ह्याला हा धक्काच होता. व्यसनाचा प्रश्न दूरच्या महानगरांचा आहे, असे मानण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक मद्य घेतात, तर सुमारे २.१ टक्के लोक अफू वर्गातील पदार्थांचे सेवन करतात. वैद्यकाचा वा परिचर्येचा विद्यार्थी याच समाजातून येतो. त्यात त्याच्या वाट्याला जागरण, परीक्षांचा ताण, घरापासूनचा दुरावा आणि औषधांच्या कपाटाशी जवळीक येते.

या जवळिकीचा धोका काय असतो, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील एक्सेटर रुग्णालयात २०१२ साली दिसून आले. तेथील हृदयविकार विभागातील एक तंत्रज्ञ फेंटानिल या तीव्र वेदनाशामक औषधाच्या सिरिंज चोरून स्वतःला टोचीत असे. त्याने हाताळलेल्या सिरिंजमधून अनेक रुग्णांना ‘हिपॅटायटिस सी’ची लागण झाली. तत्पूर्वी तो अनेक राज्यांतील रुग्णालयांतून काम करून आला होता. व्यसन एका माणसाचे होते. त्याची किंमत मात्र निरपराध रुग्णांनी मोजली.

चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

चाचणीची मागणी करण्यापूर्वी तिची शक्ती आणि मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. प्रचलित पद्धतीत लघवीचा नमुना घेऊन प्रथम पट्टीवर अथवा यंत्रावर प्राथमिक तपासणी होते. ही तपासणी जलद व स्वस्त असते; पण ती द्रव्य नेमके ओळखीत नाही, त्या द्रव्याच्या कुळाशी साम्य दाखविते. म्हणून प्राथमिक तपासणीत होकारार्थी निष्कर्ष आल्यास त्याच नमुन्याची अधिक अचूक अशी दुसरी तपासणी प्रयोगशाळेत करणे आवश्यक असते. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री ही तंत्रे वापरतात. ही दुसरी पायरी गाळून केवळ पट्टीच्या आधारे कोणाला दोषी ठरविणे हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. अनारशावर लावतात ती खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. ती खाल्ल्याने नशा होत नाही. परंतु तिच्यातील मॉर्फिनचा सूक्ष्म अंश लघवीत उतरू शकतो. याच कारणास्तव अमेरिकेने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या चाचणीतील अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. खोकल्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या कोडीनयुक्त औषधाचेही शरीरात अंशतः मॉर्फिन होते. म्हणूनच विद्यार्थ्याने कोणती औषधे घेतली आहेत, हे विचारून घेणारा जाणकार वैद्यकीय अधिकारी यंत्र आणि निर्णय यांच्यामध्ये असलाच पाहिजे.

दुसरी मर्यादा काळाची आहे. मद्याचा अंश काही तासांत शरीरातून नाहीसा होतो. हेरॉइनसारख्या द्रव्याचा माग साधारणतः दोन-तीन दिवस लागतो. नित्य गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत मात्र त्याचा अंश काही आठवडेही सापडू शकतो. अर्थात होकारार्थी चाचणी ‘सेवन झाले होते’ एवढेच सांगते. ‘या क्षणी हा विद्यार्थी नशेत आहे’ असे सांगत नाही. नकारार्थी चाचणीही निर्व्यसनीपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियागृहात हाताशी असणारी फेंटानिल, केटामिन, प्रोपोफॉल ही औषधे सर्वसामान्य चाचणीच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. मेफेड्रोनही नेहमीच्या पट्टीवर हमखास सापडेलच असे नाही. म्हणजे ज्या द्रव्यांमुळे रुग्णालयात खरा धोका संभवतो, नेमकी तीच चाळणीतून निसटू शकतात.

कायद्याची चौकट

अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा केंद्रीय कायदा १९८५ साली झाला. मेफेड्रोनचा समावेश त्यात २०१५ मध्ये करण्यात आला. या कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. तथापि जी व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेते, तिला कलम ६४-अ अन्वये, अटींच्या अधीन राहून, खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. म्हणजे उपचाराचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींचा अंतर्भाव मानसिक आजारात केला आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. शासकीय संस्थेला या हक्कावर मर्यादा घालावयाची असेल तर त्यासाठी कायद्याचा आधार, उचित हेतू आणि हेतूला साजेसे प्रमाण या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. अमेरिकेतील मिसूरी राज्यातील एका शासकीय तंत्र महाविद्यालयाने २०११ मध्ये सर्व नव्या विद्यार्थ्यांना चाचणी सक्तीची केली होती. तेथील अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ही सरसकट सक्ती अमान्य केली. ज्या अभ्यासक्रमांत इतरांच्या जिवाला धोका संभवतो, तेवढ्यांपुरतीच चाचणी ग्राह्य धरली गेली. रुग्णाला हात लावणारा विद्यार्थी या दुसऱ्या वर्गात मोडतो, हे उघड आहे. परंतु त्यामुळे चाचणीची रीत कशीही असली तरी चालेल, असे होत नाही.

व्यवस्था कशी असावी

चाचणी आणावयाचीच असेल तर काही पथ्ये पाळावी लागतील. प्रवेशाच्या वेळीच नियम मराठीत लिहून विद्यार्थी व पालक यांना समजावून द्यावेत आणि संमती घ्यावी. चाचणी रुग्णसेवेशी संबंधित टप्प्यापुरतीच असावी आणि ती सर्वांना सारखीच लागू असावी. वसतिगृहातील, गरीब घरच्या वा विशिष्ट वस्तीतील मुलांवरच संशयाचे बोट रोखले जाऊ नये. नमुना घेण्यापासून निष्कर्षापर्यंतची प्रत्येक नोंद मोहोरबंद असावी. दुसऱ्या तपासणीवाचून कोणतीही कारवाई होऊ नये आणि विद्यार्थ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. निष्कर्ष निश्चित झाल्यास त्याला रुग्णसेवेतून तात्पुरते दूर ठेवावे, मानसोपचार विभागाकडे पाठवावे आणि बरा झाल्यावर परत येण्याची वाट मोकळी ठेवावी.

त्याहूनही आधी औषधांच्या कपाटाकडे लक्ष दिले पाहिजे. दुहेरी कुलूप, दोघांच्या सह्या, कुपीत उरलेले औषध साक्षीदारासमोर नष्ट करणे आणि नोंदवहीची अचानक तपासणी या साध्या गोष्टी काटेकोरपणे पाळल्या, तर चाचणीतून निसटणारा धोकाही बराच कमी होतो.

शिक्षक आणि पंचायत सदस्यांचे कर्तव्य

वर्गात नेहमी पुढे बसणारा मुलगा मागे जाऊन पेंगू लागतो, पैशांची उधारी वाढते, हातांना कंप सुटतो. या खुणा चाचणीच्या आधी शिक्षकाला दिसतात. तेव्हा फटकारण्यापेक्षा विचारपूस उपयोगी पडते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर असावेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आंतरवासिता करणारे डॉक्टर आणि प्रशिक्षणार्थी परिचारिका गावातच काम करतात. त्यांच्यापैकी कोणाविषयी शंका आली तर ती चावडीवर न बोलता वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कानावर घालावी. खेड्यातून कर्ज काढून परिचर्येला गेलेल्या मुलीविषयी एक खोटा अथवा अर्धवट निष्कर्ष गावात पसरला, तर तिचे शिक्षण आणि पुढील आयुष्य दोन्ही धोक्यात येतात. पट्टीवरची रेघ पुसता येते, लोकांच्या तोंडची गोष्ट पुसता येत नाही.

शिक्षेबरोबर सावरण्याचा मार्ग दिला तर काय साधते, याचा अनुभव सोलापूर जिल्ह्याने घेतलेला आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. हातभट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत केवळ छापे न घालता तेथील कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळविण्याचे प्रयत्न झाले. जी दृष्टी तांड्यावरच्या कुटुंबासाठी योग्य ठरली, ती महाविद्यालयातील मुलासाठी अयोग्य कशी ठरेल?

रुग्णाची सुरक्षितता आणि विद्यार्थ्याची प्रतिष्ठा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. आपण पकडले गेलो तर सर्वस्व जाईल, असे ज्याला वाटते तो आपले व्यसन लपवितो, आणि लपविलेले व्यसनच रुग्णशय्येजवळ सर्वांत घातक असते. आपल्याला उपचार मिळतील याची खात्री ज्याला असते, तो वेळीच पुढे येतो. म्हणून कोणत्याही महाविद्यालयाने चाचणीचे साहित्य मागविण्यापूर्वी उपचाराची खोली, जाणकार अधिकारी आणि गोपनीय नोंदवही यांची तरतूद करावी. एवढी तयारी असेल तरच चाचणी रुग्णाच्या उपयोगी पडेल.