उभ्या गाडीचा हेडर लाल का होतो?

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातली अ‍ॅम्बॅसिडर आहे. इंजिन मूळचंच, १४८९ सीसीचं. बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला म्हणून त्याजागी पोलादी नळ्यांचा हेडर बसवून घेतला. आता रात्री गाडी दारात थोडा वेळ चालू ठेवली की नळ्या लालसर दिसायला लागतात, त्यातही मधली सगळ्यात आधी. टेम्परेचरचा काटा मात्र जागचा हलत नाही. एक मेकॅनिक म्हणतात, पेट्रोल कमी पडतंय, मोठा जेट घाला. दुसरे म्हणतात, हेडर असाच असतो, वर पट्टी गुंडाळा. कुणाचं ऐकू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. जेटही राहू द्या आणि पट्टीही. तुमच्या एका प्रश्नात तीन कोडी आहेत : नळ्या लाल का, मधली आधी का आणि काटा गप्प का. त्यातली शेवटची दोन सोपी आहेत, ती आधी उरकू.

अ‍ॅम्बॅसिडरचं हे पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजीए या गाड्यांतही याच घराण्याचं इंजिन होतं. त्याला सिलिंडर चार, पण हेडमध्ये धूर बाहेर पडायची तोंडं तीनच. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड, दुसऱ्या आणि तिसऱ्याला मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे कडेच्या नळ्यांतून क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा गरम वायू जातो, तर मधल्या नळीतून दर फेरीला. तिला निवायला उसंतच मिळत नाही. तेव्हा ती आधी लाल झाली यात नवल नाही. उलट कडेची एखादी नळी मधलीच्या आधी लाल झाली, किंवा बाकीच्या तापल्या असताना एखादी थंडच राहिली, तर मात्र कान टवकारा. थंड नळी म्हणजे त्या सिलिंडरमध्ये जाळच होत नाही. प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी रुसलंय.

काट्याचं कोडं याहून साधं. तो काटा हेडमधल्या पाण्याचं तापमान सांगतो. हेडर पाण्याच्या वाटेवर नाहीच, तो बाहेर उघड्यावर लोंबतोय. तो लालबुंद झाला तरी काट्याला त्याची खबर लागेलच असं नाही. त्यामुळे ‘काटा नॉर्मल आहे, म्हणजे इंजिन ठीक आहे’ हा निष्कर्ष इथे कामाचा नाही.

आता लाल रंगाकडे. काळोखात पोलाद लालसर दिसू लागतं ते साधारण ५२५ अंश सेल्सियसला. जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञानं १८४७ मध्येच ही मर्यादा मांडली होती. दिवसाउजेडी ती लाली दिसायला आणखी शे-दीडशे अंश लागतात. पेट्रोल इंजिनवर पूर्ण भार असताना एक्झॉस्टचा वायू ८०० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून रात्रीच्या वेळी भरलेल्या गाडीनं आंबा घाट चढताना हेडर लालसर दिसला तर मी गाडी थांबवणार नाही. शिवाय बिडाचा मॅनिफोल्ड जाड असतो, उष्णता सगळीकडे पसरवतो आणि काळाच दिसतो, तर हेडरची नळी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. तुमचा जुना मॅनिफोल्ड कदाचित तितकाच तापत असेल आणि कुणाला कळलंही नसेल. (तो तडकला का, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही.) इथवर दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं खरं. पण तुमची गाडी घाटात नाही, दारात उभी असताना लाल होते. जागेवर चालणारं इंजिन मोजकंच पेट्रोल जाळतं. तेवढ्यात नळी लाल होत असेल, तर जी उष्णता सिलिंडरमध्ये कामी यायला हवी होती ती बाहेर येऊन नळीत सांडते आहे.

असं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी. पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. ती उशिरा पडली की पिस्टन खाली निघालेला असतो आणि जाळ अजून चाललेलाच असतो. पंगत उठत असताना जिलबी घेऊन आलेल्या वाढप्यासारखी त्याची गत होते. पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच तशीच बाहेर पडते. यात आणखी एक मेख आहे. टायमिंग मागे गेलं की इंजिन जागेवर मंदावतं, बंद पडू पाहतं. मग कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवतो. त्यामुळे जास्त मिश्रण आत जातं आणि तेही उशिराच जळतं. आवाज ठीक येतो, गाडी बंद पडत नाही, आणि हेडर मात्र तापत जातो.

टायमिंग मागे जातं ते बहुधा आपोआप. डेल्कोतल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम उलटा करू नका. ल्युकास पद्धतीच्या डेल्कोला गॅप १५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास असते, तरी तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा प्रमाण. त्यानंतर टायमिंग लाइट लावा. जागेवर पुलीवरची खूण कुठे दिसते ते पाहा, मग हळूहळू रेस करा. खूण सरसर पुढे सरकायला हवी. ती जागीच राहिली तर डेल्कोच्या पोटातली वजनं गंजून अडकली आहेत. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडानं ओढा. डेल्कोतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळीच्या तोंडावर जीभ टेकवून ठेवली तोवर तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर पडदा फाटलाय. एक जुनी सवयही याला कारण असते. चढाला इंजिन नॉकिंग करतं म्हणून टायमिंग थोडं मागे घ्यायचं, हा उपाय अनेक गॅरेजांत वर्षानुवर्षं चालत आला. पेट्रोल सुधारलं, टायमिंग मात्र तिथेच राहिलं.

आता जेट. गाडी जागेवर चालू असताना पेट्रोल मेन जेटमधून येतच नाही, ते कार्ब्युरेटरच्या स्लो सर्किटमधून येतं. म्हणजे मेन जेट मोठा केला तर तुमच्या तक्रारीत काही फरक पडणार नाही, फक्त अ‍ॅव्हरेज पडेल. पण पहिल्या मेकॅनिकची शंका अगदीच पोकळ नाही. पातळ मिश्रण हळू जळतं, म्हणजे पुन्हा तोच उशीर. ‘जितकं पातळ तितकं गरम’ हे मात्र खरं नव्हे. एक्झॉस्टचं तापमान योग्य प्रमाणाच्या आसपास, किंचित पातळ बाजूला सर्वाधिक असतं आणि त्याहून फार पातळ किंवा फार दाट केलं तर उतरतं. पेट्रोलमधलं इथेनॉलही लक्षात घ्या. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुन्या हिशेबानं लावलेला कार्ब्युरेटर त्यामुळे काही न बिघडताच थोडा पातळ चालतो. मिक्श्चर स्क्रू नव्यानं लावून घेणं बरं.

तुमच्या बाबतीत मला जास्त संशय येतो तो हेडर बसवताना राहिलेल्या हवेच्या गळतीचा. बी-सिरीजचे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला असतात, गॅस्केट एकच, आणि काही स्टडवर एकच जाड वॉशर दोन्ही फ्लँज दाबून धरतो. नव्या हेडरची फ्लँज इनलेटच्या फ्लँजपेक्षा जाड असेल तर वॉशर तिरका बसतो. हेडर आवळला जातो, इनलेट सैल राहतो आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. जाडी उलटी असेल तर हेडर फुसफुसतो आणि पाय उचलल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजतं. तपासायला इंजिन थंड असताना सुरू करा आणि इनलेटच्या सांध्यावर स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. हीच चाचणी पेट्रोल शिंपडून करणारे महाभाग आहेत. लाल होणाऱ्या हेडरजवळ तो विचारही नको. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी करून घेणं किंवा पायरीचे वॉशर बनवून घेणं हा पक्का उपाय, आणि कोल्हापुरात लेथवाल्यांची वानवा नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच पुढे जा. एक्झॉस्टचे टॅपेट फार टाइट असतील तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळता वायू त्याच्या कडेनं निसटतो. टॅपेट लावून कॉम्प्रेशन मोजा. सायलेन्सर आतून कोसळून अडला असेल तरी उष्णता तुंबते.

नळ्यांचं तापमान मोजायला इन्फ्रारेडचं पिस्तूल वापरणार असाल तर एक सावधगिरी. चकचकीत क्रोम किंवा स्टीलवर ते खरं तापमान दाखवत नाही, खूप कमी दाखवतं. प्रत्येक नळीवर हेडपासून सारख्याच अंतरावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि तिथेच नेम धरा. आकड्यापेक्षा नळ्यांची आपसातली तुलना अधिक बोलकी असते. आणि नळीवर चढलेली निळसर झाक पाहून आजचं निदान करू नका. ती पूर्वी कधीतरी नळी किती तापली होती एवढंच सांगते, आणि दुरुस्तीनंतरही जात नाही.

राहिली पट्टी. ती गुंडाळल्यानं हेडर थंड होत नाही. बॉनेटखालची हवा थंड राहते आणि नळी उलट जास्त तापते. दुखणं तसंच ठेवून वर पट्टी बांधली तर लाली झाकली जाईल आणि साध्या पोलादाच्या नळ्या आतल्या आत लवकर जातील, त्यात पट्टी पावसाळ्याची ओल धरून ठेवते ते वेगळंच. टायमिंग लागल्यावर, गळती बंद झाल्यावर कार्ब्युरेटरच्या बाजूनं पत्र्याची एक आडोशाची ढाल बसवून घ्या, आणि पेट्रोलची नळी हेडरपासून जितकी लांबून नेता येईल तितकी न्या. हे शेवटचं काम मात्र बाकी कशाचीही वाट न पाहता आजच करा.