आंबेनळीच्या वाटेने महाबळेश्वर

पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि सावित्री नदी त्याच्या जवळून वाहते. गावातून पूर्वेकडे पाहिले की, सह्याद्रीची निळसर भिंत आकाशास टेकलेली दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर महाबळेश्वर वसले आहे. या दोन गावांना जोडणारी सुमारे चाळीस किलोमीटरांची नागमोडी वाट आंबेनळी घाटातून जाते.

दरवर्षी असंख्य प्रवासी या वाटेने वर जातात, थंड हवा घेतात, दऱ्या पाहतात आणि दोन दिवसांनी परततात. परंतु जो हा घाट डोळे उघडे ठेवून चढतो, त्यास आणखी एक गोष्ट उमगते. वरचा डोंगर आणि खालचे गाव ही दोन निरनिराळी नाहीत. घराचे छप्पर आणि अंगण यांचे जे नाते, तेच त्यांचे आहे. छपरावर पडलेले पाणी शेवटी अंगणातच येते.

घाट चढण्यापूर्वी पोलादपुरात थोडे थांबावे. शिवाजी महाराजांच्या चरित्रावर 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी येथे आहे. याच तालुक्यातील उमरठ या गावी नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. एका तालुक्यात लेखणीचा आणि तलवारीचा असा दुहेरी वारसा नांदत आहे.

पोलादपूर मागे पडले की भाताची खाचरे दिसतात. पुढे चढ लागतो आणि खाचरांची जागा उतारावरील नाचणी व वरीची शेते घेतात. वळणामागून वळण येते. एका बाजूस कातळ आणि दुसऱ्या बाजूस खोल दरी. हवाही हळूहळू पालटते. दर हजार मीटर उंचीस तापमान साधारणतः सहा अंशांनी उतरते. म्हणूनच कोकणात घामाघूम झालेला प्रवासी माथ्यावर पोहोचताच अंगावर पांघरूण घेतो.

घाटमाथ्यावर वाडा-कुंभरोशी हे गाव लागते. येथून एक फाटा प्रतापगडाकडे वळतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोरे यांच्याकडून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळे यांच्याकरवी हा गड बांधून घेतला. कोकण आणि देश यांमधील वाटांवर नजर ठेवावयाची, तर गड येथेच हवा, हे त्यांनी अचूक हेरले होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. खानाचे सैन्य मोठे होते. परंतु दाट अरण्य आणि अरुंद खिंडी यांमध्ये त्या संख्येचा काही उपयोग झाला नाही. ज्याला डोंगर ठाऊक होता, त्याच्या बाजूने डोंगर उभा राहिला. गडावरील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

प्रतापगडाहून पुढे चढत गेले की महाबळेश्वर येते. या नावाची खरे तर दोन गावे आहेत. एक बाजारपेठेचे आणि दुसरे त्याहून कितीतरी जुने, क्षेत्र महाबळेश्वर. क्षेत्रातील पंचगंगेच्या मंदिरात दगडी गोमुखातून अखंड पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळापासून या तीर्थाचा उल्लेख केला जातो. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या मातोश्री जिजाबाई यांची सुवर्णतुला याच क्षेत्री केली.

श्रद्धा पाचही नद्यांना एका गोमुखात पाहते, तर भूगोल त्यांना डोंगराच्या निरनिराळ्या उतारांवर दाखवितो. दोहोंचा आशय मात्र एकच आहे: हा डोंगर अनेकांचा पाणवठा आहे. कृष्णा पूर्वेस वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांतून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र कड्यावरून थेट कोकणात उतरते आणि पोलादपूर व महाड यांवरून वाहत बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. एकाच माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन निराळ्या समुद्रांस जातात!

सावित्रीचे हे उड्डाण पाहावयाचे असेल, तर आर्थर सीट या टोकावर जावे. त्याचे जुने नाव मढीमहाल. पायांखाली शेकडो मीटर खोल दरी आणि समोर कोकणातील डोंगरांच्या रांगांमागे रांगा! कड्याच्या अंगावर आडव्या पायऱ्यांसारखे थर स्पष्ट दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून पुन्हा पुन्हा लाव्हारस उसळला आणि थरांवर थर साचले. तेच हे काळे पाषाण. दरीतून येणारा वारा या कड्यावर आपटून वर उसळतो. त्यामुळे खाली सोडलेले वाळके पान पुष्कळदा परत वर येते. लहान मुलांप्रमाणे मोठी माणसेही हा चमत्कार पाहून हरखून जातात.

बाजारपेठेच्या महाबळेश्वराचा इतिहास अलीकडचा आहे. सिमला, दार्जिलिंग यांप्रमाणेच उन्हाळा टाळण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांनी हे स्थान निवडले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून ते मिळविले. त्यावरून पेठेस माल्कमपेठ असे नाव पडले. येथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी बटाटे आणि इतर भाज्या यांची लागवड केली. १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधविला. जुना सिंदोळा विल्सन पॉइंट झाला आणि मढीमहालाची आर्थर सीट झाली. साहेबांची नावे पाट्यांवर राहिली. परंतु रस्ते खोदणारे, मधाची पोळी ओळखणारे आणि जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड यांची नावे कोणत्याही टोकास मिळाली नाहीत. प्रवाशाने त्यांचेही स्मरण ठेवावे.

महाबळेश्वराचा खरा राजा पाऊस होय. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. येथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेस असलेल्या पाचगणीस याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. हा पाऊस नद्या भरतो आणि रानातील हिरडा, जांभूळ, अंजनी यांना जगवितो. पण तो कधीकधी उग्र रूपही धारण करतो.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यास वर्षभरात जो पाऊस पडतो, त्याचा बराच मोठा भाग येथे एका दिवसात कोसळला. सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. महाड तालुक्यातील तळिये या गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला आणि कित्येक दिवस वाहतुकीस बंद राहिला. त्यापूर्वी २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात सहलीस निघालेली एक बस दरीत कोसळून तीस जणांचे प्राण गेले होते. ज्या वाटेने आनंद मिळतो, ती वाट सावधपणाही मागते.

म्हणून डोंगराकडे केवळ देखावा म्हणून पाहणे पुरेसे नाही. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी जमिनीत मुरवितात. उतार उघडा पडला की माती सैल होते, ओढे गढूळ होतात आणि त्याचे फळ खालच्या वाडीस भोगावे लागते. हे ओळखूनच शासनाने २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. पण कायद्याचे काम अर्धे. उरलेले अर्धे प्रत्येक प्रवाशाच्या हाती असते. कचरा दरीत न टाकणे, फांदी न तोडणे, पावसाळ्यात घाट बंद असल्याची सूचना मिळताच मागे फिरणे, या गोष्टी दिसावयास लहान; परंतु त्यांचे मोल मोठे आहे.

संध्याकाळी सूर्य कोकणाच्या बाजूस कलतो, तेव्हा दरीच्या तळाशी सावित्री रुपेरी धाग्यासारखी चमकते. तिच्या काठी कोणी भात लावीत असतो, कोणी गुरे घेऊन घरी परतत असतो. वर उभ्या असलेल्या प्रवाशास ती माणसे दिसत नाहीत; परंतु तो डोंगराशी कसा वागतो, यावर त्यांचेही सुख अवलंबून आहे. एवढे ज्यास समजले, त्याची सहल सार्थकी लागली.

अभ्यास

१. डोंगर आणि खालचे गाव यांच्या नात्यास लेखात कोणती उपमा दिली आहे? ती का योग्य वाटते?
२. 'एकाच माथ्यावरील दोन थेंब दोन समुद्रांस जातात', हे नकाशाच्या साहाय्याने स्पष्ट करा.
३. अफझलखानाच्या मोठ्या सैन्याचा जावळीच्या रानात उपयोग का झाला नाही?
४. आपल्या गावाजवळील डोंगर, नदी किंवा तलाव यांची काळजी कशी घेता येईल, यावर दहा ओळी लिहा.