त्यांना समजले नाही



बारा वर्षांचा येशू यरुशलेमला हरवतो आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो, हा उतारा (लूक २:४१-५२) आपण पवित्र कुटुंबाच्या सणाला ऐकतो. प्रवचन बहुधा तिथेच संपते. मी मात्र ५० व्या वचनापाशी अडते. येशू जे बोलला ते मरियेला आणि योसेफाला कळलेच नाही, असे लूक सरळ लिहितो.

मी वसईची, निवृत्त शिक्षिका. पालघरच्या डोंगरपट्टीतल्या एका वसतिगृहात शनिवारी मराठी आणि गणित शिकवायला जाते. मुले वारली, बऱ्याच जणांच्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. मागच्या पालकसभेला सातवीतल्या एका मुलाचे वडील आले. दोन गाड्या बदलून, दिवसाची मजुरी बुडवून. मुलगा कुठे दिसेना. शेवटी स्वयंपाकघरामागे, लाकडांच्या ढिगाआड सापडला.

"बाई, मी नाही असं सांगा. त्याला बोलता येत नाही."

वडिलांना बोलता येत होते. वारलीत.

मी रागावणार होते, पण तोंड उघडेना. माझी आई कुपारी, लाल लुगडे नेसणारी. घरात आम्ही कादोडी बोलायचो. एकदा ती भाजीची टोपली डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. मैत्रिणींनी विचारले, "कोण गं ती?" मी म्हटले, "शेजारची." आईने ते ऐकले. नंतर ती कधी शाळेकडे फिरकली नाही, आणि त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलेही नाही. तिला जाऊन एकोणीस वर्षे झाली. पापनिवेदनात सांगून झाले, तरी ते फाटक डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून ५१ वे वचन मी आता सावकाश वाचते. ज्यांना आपले बोलणे कळले नाही, त्यांच्याबरोबरच येशू नाझरेथला परततो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. मंदिरातल्या विद्वानांनी त्याची वाहवा केली होती. राहिला तो सुताराच्या घरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटले. त्यासाठी त्यांना लिहितावाचता यायलाच हवे, अशी अट घातलेली नाही.

त्या दिवशी सभेत मी त्या वडिलांना राबाविषयी विचारले. आधी लाजले, मग सांगू लागले. जमिनीच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून भाजायचे. तणाचे बी जळून जाते, राखेचे खत होते आणि पावसात तिथे नागलीचे, भाताचे रोप जोमाने येते. मी इतकी वर्षे शाळेत काढली, आमच्या वसईत भातशेती पाहिली, पण तणाच्या बियांचे मला ठाऊक नव्हते. माझ्या मागे एक सिस्टर वहीत लिहून घेत होत्या.

खिडकीशी एक डोके दिसत होते. आत मात्र आले नाही.

सभा संपल्यावर वडील गाडीच्या थांब्याकडे निघाले. मुलगा त्यांच्या मागे, दहा-बारा पावलांवर चालत होता. वळणापर्यंत मी पाहिले. पिशवी तेव्हा मुलाच्या हातात होती.