मुरगावचा धक्का ते जुने गोवे : एका दिवसाच्या पाहुण्याचा मार्ग

समुद्रमार्गे येणारा पाहुणा इतर पाहुण्यांपेक्षा एका बाबतीत वेगळा असतो. विमानाने अथवा आगगाडीने आलेला प्रवासी दिवस मोजतो. पर्यटक जहाजातून उतरलेला प्रवासी तास मोजतो. त्याचे निवासस्थान, भोजन व सामानसुमान जहाजावरच असते आणि ते जहाज सायंकाळी ठरल्या वेळी धक्क्याचे दोर सोडून निघून जाणार असते. सकाळी उतरावे, सायंकाळी परतावे, एवढाच त्याचा आणि आपल्या भूमीचा सहवास. या आठ-दहा तासांत त्याला गोव्याचे दर्शन कसे घडते, हे मुख्यत्वे एका प्रश्नावर अवलंबून असते : मुरगावच्या धक्क्यावरून ऐतिहासिक राजधानीच्या दारापर्यंत तो किती वेळात, किती खर्चात आणि किती निर्धास्तपणे पोहोचतो? भूगोल, इतिहास व व्यवहार या तिन्ही अंगांनी या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार आज करण्यास विशेष कारण आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले असून २०२९ पर्यंत देशातील जलपर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी प्रवाशांना ज्या मोजक्या भारतीय बंदरांतून प्रवेश मिळतो, त्यांत मुरगावचा समावेश आहे. पावसाळा सरला की या जहाजांचा हंगाम सुरू होतो. जहाजे आणणे हे बंदराचे काम. परंतु उतरलेल्या माणसाला शहरापर्यंत नीट नेणे आणि वेळेवर परत आणणे, हे काम आपणा सर्वांचे आहे.

समोर दिसणारे, पण दूर असलेले शहर

मुरगाव बंदर झुआरी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, भूशिराच्या आश्रयाला वसले आहे. जहाजाच्या वरच्या मजल्यावरून पाहिले असता पलीकडच्या तीरावर दोनापावलाचे टोक व राजभवनाचा काबो डोंगर उघड्या डोळ्यांना दिसतो. त्याच्या पाठीशी पणजी. पाहुण्याला साहजिकच वाटते की शहर हाकेच्या अंतरावर आहे. प्रत्यक्षात रस्त्याने जाणाऱ्यास नदीच्या काठाने पूर्वेकडे कुठ्ठाळीपर्यंत जाऊन, पूल ओलांडून, पुन्हा पश्चिमेकडे यावे लागते. हा वळसा तीस किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वी दोनापावला व मुरगाव यांच्या दरम्यान उघडिपीच्या दिवसांत प्रवासी लाँच चालत असे, याचे स्मरण जुन्या मंडळींना असेल. नकाशातील सरळ रेषा व रस्त्याचे अंतर यांतील ही तफावत पाहुण्यास आधीच समजावून सांगितली, तर पुढील अर्धे गैरसमज टळतात.

बंदर आणि राजधानी यांची फारकत

बंदर एका नदीवर आणि ऐतिहासिक नगर दुसऱ्या नदीवर, असे का झाले? याचे उत्तर गोव्याच्या इतिहासातच आहे. अकराव्या शतकात कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण ही झुआरीच्या काठीच होती. तिची जागा म्हणजे आजचा गोवा वेल्हा परिसर. पुढे महत्त्व मांडवीच्या काठावरील एळे या नगरास आले. आदिलशाहीच्या ताब्यातील हे नगर १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्क याने जिंकले आणि तेच पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते हेच. त्या काळी बंदर आणि राजधानी ही दोन स्थळे नव्हती. नवा व्हाइसरॉय जहाजाने येई, मांडवीच्या घाटावर उतरे आणि समोरच्या कमानीतून शहरात प्रवेश करी. धक्का ते नगरमध्य हे अंतर काही पावलांचे होते.

साथीच्या रोगांनी आणि ओसरत्या व्यापाराने ते नगर खचत गेले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने पोर्तुगीज सत्तेस जबर हादरा बसला. त्यानंतर राजधानी मुरगावच्या किल्ल्याच्या परिसरात हलविण्याचे ठरले आणि १६८५ च्या सुमारास बांधकामही सुरू झाले; परंतु तो बेत तडीस गेला नाही. तो गेला असता तर प्रस्तुत लेखाचे प्रयोजनच उरले नसते! व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ मध्ये पणजीला आला व १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. उलटपक्षी मोठ्या जहाजांना लागणारी खोली व आसरा मुरगावला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तेथे आधुनिक बंदर व त्याला जोडणारा लोहमार्ग झाला. अशा रीतीने राजधानी मांडवीवर राहिली आणि बंदर झुआरीवर वाढले. आजच्या पाहुण्याचा प्रवास म्हणजे या फारकतीची भरपाई होय.

वाटेवरचे धडे

हा रस्ता केवळ वेळखाऊ अंतर नव्हे. वास्को, चिखली, दाभोळी, सांकवाळ असे करीत वाहन कुठ्ठाळीला येते. हे कुठ्ठाळी म्हणजे प्राचीन कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. धर्मच्छळाच्या काळात, १५६० मध्ये, भक्तांनी देवाला नदीपार नेऊन प्रियोळ येथे स्थापिले. आजचे मंगेशी ते हेच. जुन्या गोव्याची भव्य चर्चे पाहण्यास निघालेल्या पाहुण्याला ही हकीकत दोन वाक्यांत, कटुतेविना, सांगितली तर त्याला गोव्याचा इतिहास एकांगी दिसणार नाही.

कुठ्ठाळी व आगशी यांच्यामध्ये एके काळी फेरीबोटीने झुआरी ओलांडावी लागे. १९८३ मध्ये पहिला पूल झाला. परंतु वाढत्या वाहतुकीपुढे तो अपुरा पडू लागला आणि पुलाच्या दोन्ही अंगांना लागणाऱ्या रांगा हा प्रवाशांच्या रोजच्या चिंतेचा विषय झाला. तारांनी तोललेल्या नव्या पुलाचा, म्हणजे मनोहर सेतूचा, पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये व दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. बंदरातून राजधानीकडे जाणाऱ्याच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील हा सर्वांत मोठा बदल होय.

पूल ओलांडून आगशी मागे टाकली की गोवा वेल्हाचा फलक दिसतो, आणि येथे अनेकांची फसगत होते. ‘वेल्हा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ जुनी. हाती नकाशा घेतलेला पाहुणा समजतो की जुने गोवे आले. परंतु बासिलिका येथे नाही. ती येथून पुढे, मांडवीच्या काठी आहे. मार्गदर्शकाने हा भेद आधीच सांगावा आणि सांगता सांगता गोपकपट्टणाची आठवणही करून द्यावी. पुढे बांबोळी ओलांडून पणजीत न शिरता जुन्या गोव्याकडे वळता येते, अथवा पणजीतून रायबंदरच्या जुन्या बांधावरून नदीकाठाने जाता येते. जाताना पहिला व परतताना दुसरा मार्ग धरावा, हे सोयीचे.

वेळेचा हिशेब

जहाज सकाळी आठला लागले असे धरू. तपासणी आटोपून फाटकाबाहेर येईपर्यंत नऊ वाजतात. मुरगाव हे मालवाहतुकीचे चालते बंदर असल्याने आवारात पायी हिंडण्याची मोकळीक नसते, हेही ध्यानात घ्यावे. जुने गोवे गाठण्यास सव्वा तास धरला तर सव्वादहा होतात. तेथे अडीच तास घालवून पाऊण वाजता निघावे, सव्वा वाजेपर्यंत पणजीत यावे, भोजन व फेरफटका उरकून साडेतीनला परतीची वाट धरावी. पावणेपाचला प्रवासी धक्क्यावर असतो. जहाज सहाला सुटणार असेल तर प्रवाशांनी सर्वसाधारणपणे अर्धा ते एक तास आधी जहाजावर असावे अशी अपेक्षा असते. म्हणजे हाती उरलेली सवड फार तर पाऊण तासाची. पंक्चर झालेले चाक किंवा अनपेक्षित कोंडी यांसाठी ती राखून ठेवावी. खरेदीत खर्चू नये.

वाहनांचे पर्याय

जहाज कंपनीने योजलेली बस हा सर्वांत निर्धास्त पर्याय. कारण अशी बस रखडली तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. टॅक्सी चौघांच्या कुटुंबास सोयीची. मात्र भाडे, थांबण्याचे तास, पाहावयाची स्थळे आणि परतीची वेळ या चार गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात, शक्य तर कागदावर लिहून. एकट्या प्रवाशाने वास्को शहरापर्यंत काळ्या-पिवळ्या मोटारसायकलीवरील पायलटाबरोबर जाण्यास हरकत नाही. वास्कोहून कदंब महामंडळाची पणजीची बस व पणजीहून जुन्या गोव्याची बस, असा स्वस्त मार्ग आहे. परंतु दोन ठिकाणी बदल असल्याने तो लवकर उतरणाऱ्यासच झेपेल. जुन्या गोव्यानजीक करमळी स्थानक असले तरी वास्कोहून तेथे जाण्यास मडगावचा फेरा पडतो. एका दिवसाच्या पाहुण्यास तो उपयोगाचा नाही.

अडीच तासांत काय पाहावे

जुन्या गोव्यातील चर्चे व मठ १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. सुदैवाने मुख्य वास्तू परस्परांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. प्रथम बाँ जेझूस बासिलिका : १५९४ मध्ये पायाभरणी, १६०५ मध्ये अभिषेक, आणि आत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल व असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च. नंतर व्हाइसरॉयची कमान पाहून नदीच्या घाटापर्यंत चालत जावे. तेथून आजही दिवाडीची फेरीबोट सुटते. जहाजाने आलेल्या प्रवाशाला या घाटावर उभे केले की आपण बसने जे अंतर कापले त्याचा अर्थ त्याला आपोआप उमगतो. वेळ उरल्यास टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या मठाचा उरलेला मनोरा पाहावा. या मठातील घंटा पुढे पणजीच्या चर्चमध्ये गेली. पणजीत तिच्याखालून जाताना दोन नगरांचा धागा जुळतो.

ही प्रार्थनास्थळे आहेत, प्रदर्शने नव्हेत. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा, रविवारी सकाळच्या प्रार्थना आटोपेपर्यंत धीर धरावा. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीतही हेच पथ्य : रंगीत भिंतींमागे कुटुंबे नांदतात, त्यांच्या उंबरठ्यावर उभे राहून छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी विचारावी. पाहुण्याला हे सांगण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्याची आहे.

यजमानाचे कर्तव्य

या व्यवस्थेत सर्वांत मोलाची व्यक्ती कोणती, असे विचारल्यास वाहनचालक असेच उत्तर द्यावे लागेल. पाहुणा ज्याच्याशी दिवसातील अधिकांश वेळ बोलतो तो गोमंतकीय म्हणजे त्याचा चालक. हंगामाच्या मोजक्या महिन्यांवर त्याचा संसार चालतो. जहाज लागले त्या दिवशी चार पैसे अधिक मिळावेत ही त्याची इच्छा रास्त आहे. परंतु अनोळखी माणसाची घाई पाहून दर चढविणे हा व्यापार नव्हे. एका जहाजातील प्रवासी सायंकाळी भोजनाच्या मेजावर आपापला अनुभव सांगतात, आणि एका चालकाची वर्तणूक शेकडो कानांवर जाते. पुढच्या फेरीला फाटकाबाहेर किती जण पाऊल टाकणार, हे तेथेच ठरते. ज्यांनी न उतरणेच पसंत केले, त्यांच्याकडून चालक, मार्गदर्शक, खानावळवाला, फूलविक्रेती यांपैकी कोणालाच काही मिळत नाही.

म्हणून फाटकाशी दरांचा ठळक फलक, अंतर व वेळ दर्शविणारा साधा नकाशा, माहिती देणारा एक जबाबदार माणूस आणि तक्रार झाल्यास तत्काळ दखल, एवढ्या चार गोष्टींची काळजी संबंधितांनी घेतल्यास मोठ्या खर्चाविना पुष्कळ साधेल. त्यांच्या जोडीस चालकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना या वाटेचा इतिहास शिकविण्याचे मनावर घ्यावे. तासाभराच्या रस्त्यात कुशस्थळी, गोपकपट्टण आणि एळे ही तीन नावे ज्याला सांगता येतात, त्याच्या वाहनात बसलेला पाहुणा अंतराबद्दल कुरकुर करीत नाही, आणि ठरलेले भाडे देताना त्याचा हातही आखडत नाही.