पेशीचे भवितव्य : झेब्रा माशाच्या मेरूरज्जूची जडणघडण

क्रॉफर्ड मार्केटच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळणारा निळसर पट्ट्यांचा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील. गंगेच्या खोऱ्यातील माशांचा अभ्यास करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह जगभरच्या प्रयोगशाळांत भ्रूणविकासाच्या अभ्यासासाठी तो पाळला जातो. त्याचा भ्रूण मातेच्या शरीराबाहेर वाढतो व पारदर्शक असतो; त्यामुळे जिवंत पेशींचे विभाजन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते.

भ्रूणाच्या पाठीकडील पेशींचा सपाट थर मध्यभागी एकवटून प्रथम भरीव दांड्यासारखा होतो. त्यात पोकळी नंतर निर्माण होते. हाच भावी मेरूरज्जू. त्यातील जनक पेशी आरंभी सारख्याच भासतात. मग कोणत्या पेशीने कोणते कार्य करावे, हे कसे ठरते?

पहिला निर्णय स्थानावरून होतो. खालच्या पृष्ठरज्जूतून ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पाझरते, तर वरच्या बाजूने ‘बीएमपी’ प्रथिने येतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणानुसार जनक पेशींचे पट्टे पडतात. एका पट्ट्यातून स्नायूंना चालना देणाऱ्या प्रेरक चेतापेशी, तर इतर पट्ट्यांतून निरनिराळ्या सहयोगी चेतापेशी निपजतात.

दुसरा निर्णय शेजारावर अवलंबून असतो. चेतापेशी होऊ लागलेली पेशी आपल्या ‘डेल्टा’ प्रथिनाने शेजारच्या पेशीवरील ‘नॉच’ प्रथिन जागृत करते. ती शेजारची पेशी मग काही काळ जनकच राहते. ‘माइंड बॉम्ब’ या जनुकात दोष असल्यास हा संवाद तुटतो. आरंभीच चेतापेशींचे पेव फुटते, जनक पेशींचा साठा संपतो आणि उशिरा जन्मणाऱ्या पेशी निर्माणच होत नाहीत. एका पट्ट्यात तर एकाच जनक पेशीच्या विभाजनातून दोन भिन्न चेतापेशी जन्मतात : एक उत्तेजन देणारी, दुसरी आवर घालणारी. तेथेही निवड ‘नॉच’च्याच आधारे होते.

या ज्ञानाचे मोल हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ध्यानी येते. मेरूरज्जूला इजा होऊन पाय निकामी झालेले रुग्ण तेथे नव्याने जगणे शिकतात. कारण माणसाचा तुटलेला मेरूरज्जू पुन्हा जुळत नाही. प्रौढ झेब्रा मासा मात्र अशा इजेनंतर काही आठवड्यांत पुन्हा पोहू लागतो. त्याच्या मेरूरज्जूत टिकून राहिलेल्या जनक पेशी नव्या प्रेरक चेतापेशी घडवतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची प्रतिरूपे या माशात आहेत, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. मग जे त्याला साधते, ते आपल्याला का साधू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उद्याचे संशोधक हवे आहेत. ते तुमच्यातूनही घडावेत.