दिवाच का?

आजचं वाचन : सूरह अल-अहजाब, आयत ४५ आणि ४६.

या दोन आयतींत अल्लाहने प्रेषितांच्या (स.) पाच ओळखी सांगितल्या आहेत. शेवटची ओळख ‘सिराज मुनीर’, म्हणजे उजेड देणारा दिवा. आज मी तिथेच अडकलो. दिवाच का?

शब्द शोधत गेलो. सूरह नूहच्या १६व्या आयतीत ‘सिराज’ सूर्याला म्हटलंय. सूरह अल-फुरकानच्या ६१व्या आयतीत ‘मुनीर’ हे चंद्राचं विशेषण आहे. म्हणजे सूर्याचा शब्द आणि चंद्राचा शब्द एकाच नावात आले. भक्तिकाव्याने पुढे हेच धरलं. तेराव्या शतकातले इजिप्तचे कवी बुसीरी यांच्या ‘कसीदा बुर्दा’मध्ये आपले प्रेषित (स.) सूर्य आहेत आणि बाकीचे प्रेषित त्याच्या उजेडाने चमकणारे तारे.

पण मला जास्त भिडलं ते इमाम गजालींचं म्हणणं. ‘मिश्कातुल अनवार’मध्ये ते म्हणतात की, जो स्वतः पाहतो आणि इतरांवरही उजेड टाकतो, त्यालाच ‘सिराज मुनीर’ हे नाव शोभतं. प्रेषितांकडून ज्ञान लोकांपर्यंत पोचतं ते असं.

आणि दिव्याची एक गोष्ट आपण घरात रोज पाहत आलोय. एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. शिवाय दिवा स्वतःहून पेटत नाही. आयतीतही दिव्याच्या आधी अल्लाहच्या हुकमाचा उल्लेख आहे. नूर त्याचा, दिवा त्याने लावलेला.

आता माझी गोष्ट. आमच्या टीममध्ये जुन्या कोडचा एक भाग फक्त मला कळतो. मागच्या आठवड्यात नवीन आलेली मुलगी त्याबद्दल विचारायला आली. मी ‘नंतर बघू’ म्हणालो. वेळ होता. पण तिला सगळं कळलं तर माझी गरज काय उरणार, ही भीती होती. ती दोन रात्री जागून एकटीच झगडली. मी पाहिलं आणि गप्प बसलो.

दरूद रोज पढतो, नूरच्या नाती आवडीने ऐकतो, आणि हातातला दिवा मात्र झाकून ठेवतो!

आजचा अमल : उद्या ऑफिसला गेल्यावर आधी तिची माफी मागणार, मग शेजारी बसून सगळं समजावून सांगणार. तुम्हालाही येत असलेली एखादी गोष्ट आज कोणाला तरी शिकवा.

या अल्लाह, आमच्या मनातली ही भीती काढून टाक. आमीन.